रणांगणाहून परतल्यानंतर : खडकीच्या एका शाळेची कथा

युद्धांचा इतिहास लिहिला जातो तो लढायांचा आणि तहांचा. तह झाल्यावर सैनिक कोठे गेला, त्याच्या घरची चूल कशी पेटली, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी अशाच एका दुर्लक्षित प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक व कामगार समुद्रापार गेले. त्यांपैकी सुमारे ७४,००० परतलेच नाहीत. जखमींची जहाजे मुंबई बंदरास लागत. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ज्या भव्य वास्तूत आहे, ती १९१४ साली बांधून झाली होती. परंतु १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुली होण्यापूर्वी, युद्धकाळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून झाला. तेथे जखमा भरून येत. पण पुढे काय? काही सैनिकांना सरकारने पंजाबातील कालव्यांच्या वसाहतींत जमिनी दिल्या. मात्र ज्याचा हातच गेला, त्याने नांगर कसा धरावा? भावाच्या ओसरीवर बसून उरलेले आयुष्य कंठणे, एवढेच अनेकांच्या नशिबी उरले.

या प्रश्नाचे एक उत्तर १९१७ साली मुंबईत मिळाले. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग सैनिकांसाठी ‘क्वीन मेरी तांत्रिक शाळा’ स्थापन झाली. १९२२ मध्ये ती पुण्याजवळ खडकीस आली. सैन्यभरती अखंड चालावी, हा राज्यकर्त्यांचा स्वार्थही त्यामागे असेल. तथापि सैनिकास दान न देता हुन्नर द्यावा, हा तिचा मूळ विचार राज्य गेल्यावरही टिकला. ती संस्था आजही सैनिकांना शिकवीत आहे.

हळूहळू पुणे परिसरात या कार्याची एक साखळीच तयार झाली. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. ज्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले, अशांसाठी १९७४ मध्ये खडकीस पक्षाघात पुनर्वसन केंद्र उभे राहिले. एका संस्थेने पाय दिला, दुसरीने हुन्नर, तिसरीने हक्काचे छप्पर.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण मराठी माणसास अभिमानास्पद आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. परंतु पदकाने घर चालत नाही. पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांनी नोकरी केली, हेही आम्हांस तितकेच मोलाचे वाटते. ‘पद्मश्री’ मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले.

सगळेच सैनिक जखमी होत नाहीत. पण बहुतेक जवान ऐन चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. मुलांची शिक्षणे त्या वेळी अर्ध्यावर असतात. आमच्या सरकारी नोकरीत एक निवृत्त हवालदार एकदा आमच्याकडे आले. सेवापुस्तकात आणि बँकेच्या पासबुकात त्यांच्या नावाचे स्पेलिंग वेगवेगळे होते. तेवढ्यामुळे निवृत्तिवेतन अडले होते आणि भाड्याची खोली सोडण्याची पाळी आली होती. आम्ही खिशात हात घालताच ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, पैसे नकोत. अर्ज कसा लिहायचा, तेवढे सांगा.” खडकीच्या शाळेचे सारे तत्त्वज्ञान आम्हांस त्या एका वाक्यात सापडले.

१९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण निधी देतो, ते योग्यच आहे. पण परप्रांतात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळांत कारकून, शिक्षक, वकील, बँकेतील मंडळी यांची वाण नाही. महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या वाचनालयात बसून गावातील माजी सैनिकांचे अर्ज लिहून द्यावेत, जिल्हा सैनिक मंडळाची वाट दाखवावी. मग तो सैनिक कोणत्याही भाषेचा असो. सुवर्णमहोत्सवानंतरच्या पहिल्या वर्षाचा हा संकल्प ठरावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.