परसात पाणी साचतंय? आधी ते कुठून येतं ते बघा

कोकणातल्या आपल्या घरांच्या मागीलदारी मोरी, विहीर आणि नारळ-केळी ठरलेलीच. पाऊस लागला की तिथेच पाणी तुंबतं. मग बहुतेक ठिकाणी उपाय एकच असतो: कुदळीने चर मारायचा आणि पाणी पलीकडे सोडायचं. ही ‘पलीकडची’ जागा बरेचदा शेजाऱ्याचं कुंपण किंवा त्याची विहीर असते. म्हणून पाणी कुठून येतं आणि शेवटी कुठे जातं, हे दोन्ही बघूनच कामाला हात घालावा, असं आम्ही सुचवतो.

दोन पाणी, दोन वाटा

मोरीचं, भांडी-कपड्यांचं आणि वजूचं पाणी रोजचं, पण थोडं असतं. छपराचं पाणी चारच महिने येतं, पण एकदम येतं. १००० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९ हजार लिटर पाणी खाली येतं. कोकणात एका दिवसात एवढा पाऊस काही नवा नाही. हे पाणी मोरीच्या खड्ड्यात सोडलं तर खड्डा भरून घाण वर येते. म्हणून छपराला पन्हळ लावून ते पाणी वेगळ्या चरातून पऱ्याकडे किंवा गावच्या गटाराकडे न्यावं. चराला दर १० फुटांमागे साधारण अडीच इंच उतार ठेवा. घराच्या पायापासून बाहेरच्या बाजूलाही जमीन उतरती हवी.

शोषखड्डा

मोरीच्या पाण्यासाठी १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्डा साध्या कुटुंबाला बहुधा पुरतो. खाली मोठे दगड, त्यावर मध्यम दगड, वर खडी घाला. पाणी आत पडतं तिथे भोकं पाडलेलं मडकं ठेवून त्यात काथ्या भरा. साबणाचा चिकटा आणि खरकटं त्यात अडकतं. काथ्या अधूनमधून बदलावा लागतो, नाहीतर खड्डा चोंदतो.

खणण्याआधी एक परीक्षा करा. फूटभर खोल खळगा खणून पाण्याने भरा, पाणी जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे कातळ किंवा चिकणमाती आहे. तिथे शोषखड्डा चालणार नाही, जागा बदला. ही परीक्षा उन्हाळ्यात घेतली तरी भर पावसात जमिनीतलं पाणी वर येतं, हे लक्षात ठेवून खोलगट जागा टाळा. विहिरीपासून किमान ५० फूट अंतर हवं, मग ती विहीर आपली असो की शेजाऱ्याची. खणायचं काम पावसाआधी उरकावं. शोषखड्ड्यासाठी सरकारी मदत मिळू शकते, ग्रामपंचायतीत चौकशी करा.

डास आणि ताप

डेंग्यूचा डास गटारात नाही, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. टायर, करवंट्या, कुंड्यांखालच्या थाळ्या, उघडी पिंपं, सगळं त्याला चालतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासा. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली राहतात. जुम्याच्या साफसफाईला हे काम जोडून घेतलं तर विसरायला होत नाही. विहिरीत गप्पी मासे सोडा, रॉकेल अजिबात टाकू नका.

चिखलपाण्यात उंदरांचं मूत मिसळतं. त्यातून पायाच्या जखमेवाटे लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. गमबूट घाला. ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल झाले तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि ‘पाण्यात काम केलं होतं’ हे आठवणीने सांगा.

शेजाऱ्याचा हक्क

साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, अशी शिकवण आपल्या दीनमध्ये आहे. शेजाऱ्याला त्रास देऊ नये, ही तर लहानपणापासून कानावर पडलेली गोष्ट. आपलं सांडपाणी त्याच्या विहिरीत झिरपलं तर दोन्ही शिकवणी बाजूला पडतात. चर मारायच्या आधी शेजारच्या घरी जाऊन उतार एकत्र बघा. पटलं तर खर्च वाटून एकच गटार बांधा. नाहीच पटलं तर भांडण वाढवण्यापेक्षा जमातीतल्या वडीलधाऱ्यांना किंवा ग्रामपंचायतीला मध्ये घ्या. पाऊस दरवर्षी येणार आहे आणि शेजारीही तोच राहणार आहे.