प्रेक्षक धावू लागले तेव्हा

महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत, नगरपालिकेच्या बागेत किंवा तळ्याकाठी, एक पाटी आता हमखास दिसते : 'जॉगिंग ट्रॅक'. पहाटे त्या वाटेवर कोणी कानटोपी घालून, कोणी साडीवर कॅनव्हासचे बूट चढवून फिरत असतं. धावणारे थोडे, चालणारे फार. शब्द मात्र आपण इतका रुळवून घेतला आहे की तो कुठून आला, हे विचारावंसं कोणाला वाटत नाही.

मला ते विचारावंसं वाटलं, त्याचं कारण जरा निराळं. ऑलिंपिकचे दिवस आले की ओळखीच्या घरांतून एक गोष्ट मी नेहमी पाहतो. रात्री जागून शर्यती पाहिल्या जातात, दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे बूट खाली येतात आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा माळ्यावर जातात. अव्वल खेळाडूला पाहून साध्या माणसाच्या अंगात व्यायामाची हुक्की येते, यात शंका नाही. पण ती टिकते केव्हा? या प्रश्नाचा माग काढत मी मागे मागे गेलो आणि पोचलो न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात, बूट बनवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसापाशी.

आर्थर लिडियर्ड हे त्याचं नाव. जन्म १९१७ चा. रग्बी खेळायचा, त्यामुळे आपण धडधाकट आहोत अशी त्याची समजूत. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं त्या सुमारास एका मित्रानं त्याला पाच मैल पळायला नेलं आणि याचा जीव कासावीस झाला. ऐन तारुण्यात ही गत, तर पंचेचाळिशी उलटल्यावर काय होणार, या विचारानं तो अस्वस्थ झाला. मग त्यानं स्वतःच्या शरीरावर प्रयोग सुरू केले. कधी फार थोडं धावायचं, कधी अतोनात. कधी जोरात, कधी सावकाश. बरीच वर्षं असं केल्यावर त्याचं गणित बसलं. आठवड्याला शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, बेतानं धावायचं आणि त्या पायावर पुढे वेगाचा इमला चढवायचा. हे सगळं नोकरी सांभाळून. आपल्या तालमीतला वस्ताद जसा आधी स्वतः लंगोट कसून मातीत उतरतो, तसा हा माणूस मुलांच्या बरोबरीनं डोंगराळ रस्त्यांवर धावायचा. ही मुलं कुठून निवडून आणलेली नव्हती; बरीचशी जवळपासचीच होती.

२ सप्टेंबर १९६० या दिवशी रोम ऑलिंपिकमध्ये त्यातल्या दोघांनी, तासाभराच्या अंतरानं, सुवर्णपदकं जिंकली. पीटर स्नेल हा एकवीस वर्षांचा, जगाला जवळजवळ अनोळखी असलेला तरुण ८०० मीटरमध्ये पहिला आला. पाठोपाठ मरे हॅलबर्गनं ५००० मीटरची शर्यत जिंकली. हॅलबर्गचा डावा हात रग्बीतल्या दुखापतीनं लुळा पडलेला होता. त्यानं शेवटचे तीन फेरे उरले असतानाच एकदम मुसंडी मारली आणि उरलेल्या शर्यतीत कोणालाही गाठू दिलं नाही. काही दिवसांनी लिडियर्डच्याच बॅरी मॅगीनं मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवलं. हीच ती शर्यत, जी इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं अनवाणी पायांनी जिंकली.

न्यूझीलंडच्या लोकांना हे थेट चित्र घरात बसून दिसलं नाही. ती सोय तेव्हा नव्हती. पण पुढच्या दोन वर्षांत त्यांनी आपले विजेते आपल्याच गावच्या मैदानांवर धावताना पाहिले. २७ जानेवारी १९६२ ला वाँगानुई या गावी, हिरवळीच्या ट्रॅकवर, हजारो लोकांच्या साक्षीनं स्नेलनं एक मैल ३ मिनिटं ५४.४ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. आठवडाभरानं क्राइस्टचर्चला ८०० मीटरचा विश्वविक्रमही त्याच्या नावावर लागला. ज्याला काल दुकानात पाहिलं तो आज जगात पहिला, असं लहान देशातच घडू शकतं.

आणि इथे, माझ्या मते, खरी गंमत आहे. लिडियर्डकडे आता मध्यमवयीन माणसं येऊ लागली. पोट सुटलेली, धंद्यापाण्यात बुडालेली, काही तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली. त्या काळी अशा रोग्याला डॉक्टर आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगत; जिना चढायचीही धास्ती. लिडियर्डनं त्यांना स्नेलच्या वेगाचं आमिष दाखवलं नाही. स्नेलच्या सरावाचा पाया जो होता, बेतानं आणि नेमानं धावणं, तोच त्यानं अगदी बारीक मापात त्यांच्या हाती दिला. नियम एकच : धावताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. अशा लोकांचा 'ऑकलंड जॉगर्स क्लब' स्थापन झाला. जॉगिंग हा इंग्रजी शब्द जुनाच, पण आरोग्यासाठी सावकाश धावणं हा त्याचा आजचा अर्थ जगभर पसरला तो इथून.

तो पसरवण्याचं काम केलं बिल बॉवरमन या अमेरिकन प्रशिक्षकानं. ओरेगॉन विद्यापीठाचे धावपटू तयार करणारा हा नावाजलेला माणूस. पुढे 'नायकी' या बूट कंपनीचा एक संस्थापक. १९६२ च्या डिसेंबरात तो आपल्या रिले संघाला घेऊन न्यूझीलंडला गेला. एका सकाळी लिडियर्डनं त्याला ऑकलंडच्या कॉर्नवॉल पार्कमध्ये क्लबाच्या मंडळींबरोबर धावायला बोलावलं. बॉवरमन तेव्हा एक्कावन्न वर्षांचा. जन्मभर इतरांना धावायला शिकवलेलं, तेव्हा या म्हाताऱ्याकोताऱ्यांबरोबर धावायला काय लागतं, असं त्याला वाटलं असणार. पहिल्या चढावरच त्याला घाम फुटला. सगळे पुढे निघून गेले आणि त्याच्या सोबतीला मागे राहिले सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. त्यांना हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले होते. ते बॉवरमनच्या बरोबरीनं धावत मजेत गप्पा मारत होते आणि याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

विश्वविक्रमी धावपटू बॉवरमननं आयुष्यभर पाहिले, घडवले. त्यांना पाहून तो स्वतः काही धावायला लागला नव्हता. त्याला धावायला लावलं त्या म्हाताऱ्यानं. उरलेले दिवस तो रोज धावला, बऱ्यापैकी हलका होऊन घरी परतला आणि १९६३ च्या सुरुवातीला त्यानं आपल्या यूजीन गावच्या लोकांना विद्यापीठाच्या मैदानावर बोलावलं. पहिल्या खेपेला थोडे आले. काही आठवड्यांत गर्दी हजारांच्या घरात गेली. इतकी, की यातलं कोणी छातीत कळ येऊन पडलं तर काय, या भीतीनं त्यानंच लोकांना परत पाठवलं. मग एका हृदयरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन त्यानं रीतसर वर्ग चालवले आणि त्या अनुभवावर दोघांनी 'जॉगिंग' नावाचं लहानसं पुस्तक लिहिलं. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

आता १९७२ कडे येऊ. म्युनिक ऑलिंपिक म्हटलं की ५ सप्टेंबरचा हल्ला आणि त्यात बळी पडलेले अकरा इस्रायली आठवतात. त्या छायेतच, १० सप्टेंबरला, मॅरेथॉन झाली. फ्रँक शॉर्टर हा अमेरिकन धावपटू (त्याचा जन्मही म्युनिकचाच) दोन तास बारा मिनिटांत सर्वांच्या पुढे स्टेडियमच्या दारात पोचला. आत मात्र त्याच्या आधीच एक जण ट्रॅकवर धावत होता आणि लोक त्याचा जयजयकार करत होते. तो होता धावपटूचा वेश करून घुसलेला एक जर्मन विद्यार्थी! खऱ्या विजेत्याच्या कानी पडली ती त्या तोतयाला उद्देशून झालेली हुर्यो. १९०८ नंतर प्रथमच अमेरिकेला मॅरेथॉनचं सुवर्ण मिळालं आणि ते देशभर दूरचित्रवाणीवर दिसलं.

त्यानंतर अमेरिकेत धावण्याची जी लाट आली, तिचं श्रेय सर्रास शॉर्टरच्या त्या शर्यतीला देतात. आकडे बोलके आहेत. न्यूयॉर्क मॅरेथॉनला १९७० मध्ये १२७ जण उभे राहिले आणि ५५ जणांनी ती पुरी केली, तीही सेंट्रल पार्कात फेऱ्या मारून. १९७६ ला ती शहराच्या पाचही भागांतून निघाली तेव्हा दोन हजारांच्या आसपास धावपटू होते. दशक संपताना दहा हजारांवर. पण मला हे श्रेय निम्मंच पटतं. ठिणगी शॉर्टरची खरी, गवत मात्र आधीच वाळलेलं होतं. बॉवरमनचं पुस्तक घराघरांत पोचलेलं होतं. डॉक्टर केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' १९६८ मध्ये आलेलं होतं. शॉर्टरला पाहून जो सोफ्यावरून उठला, त्याला उद्या सकाळी नेमकं काय आणि किती करायचं हे सांगणारं कोणीतरी हजर होतं.

हे नसलं की काय होतं? लंडननं २०१२ च्या ऑलिंपिकचं यजमानपद मागताना जगाला शब्द दिला होता की हे खेळ पाहून तरुण पिढी मैदानाकडे वळेल. 'एका पिढीला प्रेरणा द्या' हेच त्या खेळांचं घोषवाक्य. दहा लाख जादा प्रौढांना खेळाकडे वळवण्याचं सरकारी उद्दिष्ट मात्र खेळ सुरू होण्याआधीच, २०११ मध्ये, सोडून देण्यात आलं. स्टेडियम भरली, पदकं मिळाली, पण नुसत्या दिपलेल्या डोळ्यांनी पाय हलत नाहीत. त्यापेक्षा मला २००४ मध्ये सुरू झालेली आपली मुंबई मॅरेथॉन महत्त्वाची वाटते, कारण तिथे परदेशी अव्वल धावपटू आणि आपल्या बँकेतला कारकून त्याच दिवशी, त्याच शहराच्या रस्त्यांवर असतात. तिच्या आधीचे काही महिने पहाटे गटागटानं सराव करणारी माणसं मुंबईत दिसतात. त्यातल्या शेवटच्या गटाकडे मी नेहमी अधिक लक्षपूर्वक पाहतो.

लिडियर्ड २००४ च्या डिसेंबरात, अमेरिकेत टेक्सासमध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना, वयाच्या ८७ व्या वर्षी वारला. त्याच टेक्सासमधल्या डॅलसला स्नेल स्थायिक झाला होता. टोकियोत १९६४ ला आणखी दोन सुवर्णपदकं जिंकून त्यानं धावणं सोडलं, चाळिशी ओलांडल्यावर व्यायामशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि वैद्यकीय विद्यापीठात संशोधक झाला. आठशे मीटरच्या धावपटूला लांब, संथ धावण्याचा उपयोग का होतो, हे त्याला शोधायचं होतं. बराच वेळ बेतानं धावलं की सावकाश काम करणारे स्नायुतंतू दमतात आणि मग वेगाचे तंतूही कामाला लागतात, असं त्यानं मांडलं. म्हणजे बूट कारखान्यातल्या माणसानं स्वतःला दमवून जे शोधलं होतं, त्याची कारणमीमांसा त्याच्याच शिष्यानं केली. स्नेल २०१९ मध्ये डॅलसलाच वारला.