बेस गिटार, पुनर्निर्मित : फेंडर प्रिसिजन व जॅझ

बेस गिटार, पुनर्निर्मित (रीइश्यू) : कंपनीने पूर्वी बनवलेल्या आणि पुढे बदललेल्या किंवा बंद केलेल्या बेस गिटारीचा जुना नमुना तिनेच पुन्हा उत्पादनात आणला, की त्या वाद्याला पुनर्निर्मित किंवा रीइश्यू म्हणतात. इतर कंपन्यांनी केलेल्या नकला या संज्ञेत येत नाहीत. जुन्या नमुन्याशी अशा वाद्याचा मेळ कितपत बसतो, हा या वाद्यांविषयीचा मुख्य प्रश्न आहे. तो सर्वाधिक तपासला गेला आहे तो अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या प्रिसिजन आणि जॅझ या दोन बेसच्या संदर्भात. त्यामुळे प्रस्तुत नोंद प्रामुख्याने त्यांविषयी आहे.

मूळ नमुने : लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५१च्या अखेरीस प्रिसिजन बेस बाजारात आणली. व्यापारी यश मिळवणारी ही पहिली विद्युत् बेस गिटार. तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, पडदे (फ्रेट) २०, अॅश लाकडाची सपाट बॉडी आणि तारेच्या कंपनाचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारा एकच साधा पिकअप, अशी तिची रचना होती. १९५४ मध्ये बॉडीच्या कडांना उतार आला. १९५७ मध्ये वाद्य जवळजवळ नव्याने घडवले गेले : दोन तुकड्यांचा पिकअप, फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर गिटारीसारखे मोठे हेड आणि अॅल्युमिनियमचा पिकगार्ड. १९५९ मध्ये मेपलच्या दांडीवर (नेक) रोझवुडची पाटी (फिंगरबोर्ड) आली. जॅझ बेस १९६० ची. दोन पिकअप आणि नटजवळ (हेडलगत तारा टेकतात त्या पट्टीजवळ) अरुंद दांडी हे तिचे वेगळेपण. प्रिसिजनची दांडी नटपाशी पावणेदोन इंच, तर जॅझची दीड इंच. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना कंपनी विकत घेतली. त्यानंतर दांडीला कडेची पट्टी, मग चौकोनी खुणा, १९६८ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज लॅकरऐवजी जाड पॉलिउरेथेन, असे बदल होत गेले. ‘सीबीएसपूर्व’ वाद्ये चांगली आणि नंतरची हलकी, ही वाटणी वादकांत रूढ असली, तरी ती सरसकट मान्य करता येत नाही. १९७० च्या दशकातील जॅझ बेसचा आवाज अनेकांना मुद्दाम हवा असतो.

पुनर्निर्मितीचा आरंभ : १९६८ ची फेंडरची टेलिकास्टर बेस ही १९५१ च्या प्रिसिजनकडे वळून पाहणारी पहिली निर्मिती होती, पण तिच्यामागे अचूकतेचा आग्रह नव्हता. तो आग्रह आणला जपानने. १९७० च्या दशकात टोकाई, ग्रेको आदी जपानी नाममुद्रांनी जुन्या फेंडरच्या इतक्या काटेकोर नकला काढल्या, की मूळ कंपनीचे चालू उत्पादन त्यांच्यापुढे फिके पडू लागले. १९८१ मध्ये यामाहातून फेंडरमध्ये आलेल्या बिल शुल्ट्झ आणि डॅन स्मिथ यांच्या काळात जुनी वाद्ये मिळवून त्यांची मापे घेण्यात आली. १९८२ मध्ये ५७ व ६२ ची प्रिसिजन आणि ६२ ची जॅझ या व्हिंटेज मालिकेत जाहीर झाल्या. त्याच वर्षी कांदा शोकाई आणि यामानो या कंपन्यांसह फेंडर जपानची स्थापना होऊन मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात उत्पादन सुरू झाले. फुजिगेनमध्येच पूर्वी ग्रेकोची वाद्ये बनत. ‘जेव्ही’ क्रमांकाची ही आरंभीची जपानी वाद्ये आज स्वतंत्रपणे संग्राह्य ठरली आहेत.

१९८५ मध्ये शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील गटाने कंपनी विकत घेतली. फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात नव्हता. अमेरिकेतील उत्पादन पुढे कॅलिफोर्नियातीलच कोरोना येथे उभे राहिले. खास मागणीची वाद्ये बनवणाऱ्या कस्टम शॉप या फेंडरच्या विभागाची स्थापना १९८७ ची. अमेरिकन व्हिंटेज मालिका २०१२ मध्ये नव्याने आखली गेली. २०१८ च्या अमेरिकन ओरिजिनल मालिकेत जुन्या रूपाला आजच्या वादकाची सोय जोडली गेली. ऑक्टोबर २०२२ च्या अमेरिकन व्हिंटेज २ मालिकेत १९५४ व १९६० ची प्रिसिजन आणि १९६६ ची जॅझ या पुन्हा काटेकोरपणे काढण्यात आल्या.

वर्षाच्या नावाचा प्रश्न : मालिकांना वर्षाचे नाव देण्यात एक मूलभूत अडचण आहे आणि ‘६२’ हे तिचे उत्तम उदाहरण आहे. १९६२ या एकाच वर्षात जॅझ बेस दोनदा बदलली. वर्षाच्या सुरुवातीपर्यंत तिच्यावर एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते : प्रत्येक पिकअपला स्वतंत्र आवाज आणि स्वतंत्र टोन. नंतर तीन नॉब आले, दोन आवाजाचे आणि टोनचा दोघांत एकच. वर्षाच्या मध्यानंतर रोझवुडची जाड, खालून सपाट पाटी जाऊन दांडीच्या गोलाईवर बसणारी वक्र पाटी आली. दुहेरी नॉब व जाड पाटी, तीन नॉब व जाड पाटी, तीन नॉब व वक्र पाटी, अशी किमान तीन वाद्ये ‘१९६२ ची जॅझ’ म्हणवून घेऊ शकतात. पाटीचा प्रकार ओळखणे सोपे आहे. दांडीचे बॉडीकडचे टोक समोरून निरखावे. गडद रोझवुड आणि फिकट मेपल यांमधली जोडरेषा आडवी सरळ दिसली तर पाटी जाड. कमानीसारखी दिसली तर वक्र.

मूळ कारखान्यात हाताशी असलेले भाग संपेपर्यंत वापरले जात. दांड्यांना शेवटचा आकार हाताने दिला जाई आणि त्यांची जाडी वाद्यागणिक बदले. म्हणजे पुनर्निर्मितीत उतरते ते मापासाठी हाती आलेले एखादे वाद्य किंवा अशा काही वाद्यांची सरासरी. वर्षाच्या नावाने विकले जाणारे वाद्य त्या वर्षाचे प्रतिनिधी असतेच असे नाही. खरेदीदाराला आणि अभ्यासकाला ही गोष्ट स्पष्ट सांगायला हवी.

पिकअप : १९५७ चा प्रिसिजन पिकअप दोन तुकड्यांचा असून प्रत्येक तुकडा दोन तारा सांभाळतो. दोन्ही तुकडे परस्परविरुद्ध जोडल्यामुळे वीजप्रवाहाची घरघर कटते. पुनर्निर्मितीत अल्निको चुंबक, वेढ्यांच्या तारेवरील इनॅमल किंवा फॉर्मवारचे आवरण आणि वेढ्यांची संख्या यांकडे लक्ष दिले जाते. जुने वेढे हाताने दिले जात आणि ते कमीजास्त होत.

जॅझ बेसमध्ये याहून महत्त्वाचे आहे ते दोन पिकअपमधले अंतर. १९६० च्या दशकात ते ३.६ इंच होते. १९७० च्या दशकात मागचा पिकअप ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाकडे) सरकून ते ४ इंच झाले. बदल नेमका कोणत्या वर्षी झाला याविषयी एकमत नाही, आणि संक्रमणकाळात दोन्ही अंतरांची वाद्ये आढळतात. फरक सुमारे १० मिलिमीटरचा; कानाला मात्र तो लगेच कळतो. ब्रिजजवळ तारेचा झोका लहान आणि वरचे स्वर ठळक असल्यामुळे मागचा पिकअप एकटा वाजवला की जुन्या अंतरात आवाज भरीव व नाकातला, तर नव्या अंतरात कोरडा व धारदार येतो. अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याच्या शैलीला दुसरा आवाज मानवला. बेसवादक मार्कस मिलर यांची १९७७ ची जॅझ याच जातीची. तरीही चौकोनी खुणा, पट्टी लावलेली दांडी, सत्तरच्या दशकाचे नाव आणि पिकअपचे अंतर मात्र साठच्या दशकाचे, अशा पुनर्निर्मिती निघालेल्या आहेत. नॉबचा रंग किंवा स्क्रूचे डोके चुकले तर निदान आवाज बदलत नाही. अंतर चुकले तर वाद्यच दुसरे होते. म्हणून पारख करताना प्रथम मोजपट्टी इथे लावावी.

दांडी : पाटीची गोलाई जुन्या वाद्यांत ७.२५ इंच त्रिज्येची, आजच्या सर्वसाधारण फेंडरमध्ये ९.५ इंच. ओरिजिनल मालिकेने दुसरी घेतली, व्हिंटेज २ ने पहिली. आतील लोखंडी सळईचा (ट्रस रॉड) नट जुन्या पद्धतीत दांडीच्या बॉडीकडच्या टोकाला असतो. हवेतील ओलाव्याने दांडी वाकली, की तारा सैल करायच्या, चार स्क्रू ढिले करून दांडी उचलायची, नट पाव फेरा फिरवायचा, सगळे पुन्हा आवळून सुरात आणायचे आणि पाहायचे. जमले नसेल तर पुन्हा तेच. आधुनिक वाद्यात हेच काम हेडकडून चावी घालून मिनिटभरात होते. काटेकोर मालिका ही गैरसोयही जपतात. क्लुसन कंपनीच्या जुन्या खुंट्या आजच्या सवयीच्या उलट दिशेने फिरतात. त्याही जपल्या जातात.

लाकूड : सुरुवातीच्या पाट्या ब्राझिलियन रोझवुडच्या होत्या. हे झाड १९९२ मध्ये संकटग्रस्त जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले आणि त्याचा व्यापार जवळजवळ थांबला. फेंडरच्या पाट्यांत त्याची जागा १९६० च्या दशकातच मुख्यत्वे भारतीय रोझवुडने, म्हणजे सह्याद्रीच्या रानांत वाढणाऱ्या आणि मराठी घरांना शिसवी पलंग-कपाटांमुळे परिचित असलेल्या शिसवीने घेतली. जानेवारी २०१७ मध्ये डाल्बर्जिया ही संपूर्ण प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात आली. त्या वर्षी फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक वाद्यांवर पाउ फेरो हे फिकट लाकूड वापरायला सुरुवात केली. २०१९ अखेर तयार वाद्यांना सूट मिळाली. अॅश लाकडाचा पुरवठा किडीमुळे व पुरांमुळे घटल्याने २०२० मध्ये फेंडरने त्याचा वापर मर्यादित केला. म्हणून १९५० च्या दशकाच्या वाद्याचे लाकूड जसेच्या तसे मिळणे यापुढे अधिक अवघड होईल. पाटी कोणत्या रोझवुडची आहे ते ऐकून ओळखता येते का, हा प्रश्न वादग्रस्त आहे.

रंग व झीज : अनेक पुनर्निर्मितींत वरचा थर नायट्रोसेल्युलोजचा, पण खालचे अस्तर पॉलिएस्टर किंवा पॉलिउरेथेनचे असते. साठच्या दशकातील मूळ वाद्यांवरही लॅकरखाली वेगळ्या रसायनाचे अस्तर होते. तेव्हा ‘निव्वळ लॅकर’ हा निकष खुद्द मूळ वाद्यांनाही लागू पडत नाही. १९९५ पासून कस्टम शॉपने मुद्दाम झिजवलेली ‘रेलिक’ वाद्ये आणली. ही कला वेगळी आहे. तिला ऐतिहासिक अचूकता म्हणू नये, कारण १९६२ साली दुकानात टांगलेली बेस नवी कोरी होती.

तारा व दाबपट्टी : या दोन्हींकडे उत्पादकांचे आणि लेखकांचेही फार कमी लक्ष गेले आहे. मूळ काळातील आवाज गुळगुळीत वेष्टनाच्या (फ्लॅटवाउंड) तारांचा आणि ब्रिजच्या धातूच्या झाकणाखाली लावलेल्या फोमच्या दाबपट्टीचा होता. मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन यांच्या १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा असत आणि ते त्या सहसा बदलत नसत. १९८३ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी ही बेस चोरीस गेली. याउलट बेसवादक जाको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२ च्या जॅझवर खरबरीत राउंडवाउंड तारा लावल्या. तिचे पडदे काढून पाटीवर नौकांसाठी वापरले जाणारे इपॉक्सी चढवलेले होते. एकाच वर्षाच्या या दोन वाद्यांच्या आवाजांत जे अंतर आहे, त्यातले बरेचसे तारांनी आणि बोटांनी निर्माण केलेले आहे. पुनर्निर्मितीसोबत झाकणे पुष्कळदा पेटीत सुटी मिळतात आणि बहुतेक वादक ती तिथेच ठेवतात. झाकण बसवून, खाली फोम लावून, फ्लॅटवाउंड तारा चढवल्यावरच अशा वाद्याविषयी मत बनवावे.

ओळख व फसवणूक : अमेरिकन व्हिंटेज मालिकेच्या नेकप्लेटवर ‘व्ही’ने सुरू होणारा क्रमांक असतो. प्लेट बदलणे दोन मिनिटांचे काम असल्याने केवळ क्रमांकावर विसंबू नये. दांडीच्या टोकावरील पेन्सिलीची किंवा शिक्क्याची तारीख, नॉबखालील पोटेन्शिओमीटरवरील सांकेतिक अंक आणि सोल्डर यांची एकत्र तपासणी करावी.

इतर कंपन्या : जर्मनीतील होफ्नरची व्हायोलिनच्या आकाराची ५००/१ ही बेस १९५६ ची. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे घेतलेल्या वाद्यात दोन्ही पिकअप एकमेकांजवळ होते, १९६३ च्या वाद्यात दूर. कंपनीने दोन्ही नमुन्यांच्या पुनर्निर्मिती स्वतंत्रपणे काढल्या. १९७२ मध्ये चोरीस गेलेले १९६१ चे वाद्य मॅकार्टनींना परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. रिकनबॅकरने १९८४ मध्ये ४००१ व्ही ६३ ही पुनर्निर्मिती काढली. गिब्सनची १९६३ ची थंडरबर्ड १९७६ मध्ये बदललेल्या ब्रिजसह पुन्हा आली.