गडचिरोलीतील लोकसहभागी आरोग्य-संशोधन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आदिवासी समाज वैद्यकीय संशोधनाचा विषय अनेकदा झाला; संशोधनातील भागीदार म्हणून त्यास क्वचितच स्थान मिळाले. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा यांसारख्या आदिवासी तालुक्यांच्या आरोग्याचा विचार करताना गडचिरोलीतील एका प्रयोगाचा इतिहास म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. आरंभी त्यांनी सिकलसेल आजाराची पाहणी केली. शास्त्रीयदृष्ट्या ती मोलाची होती, पण लोकांना त्यात रस वाटला नाही. प्रश्न संशोधकांचा होता, लोकांचा नव्हता, अशी कबुली डॉ. अभय बंग यांनी पुढे दिली. या संशोधनाची दिशा या कबुलीतून बदलली, असे म्हणता येते.

१९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, या तत्कालीन समजुतीस गावातील स्त्रियांच्या सहकार्यानेच धक्का बसला.

नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न अधिक बिकट होता. १९९५ पासून ३९ गावांत तेथीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन घेत, त्यास ऊब देत. जंतुसंसर्ग झाल्यास व पालकांनी रुग्णालयात जाण्यास नकार दिल्यास त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. तुलनेसाठी ४७ गावे होती. प्रयोगाच्या गावांतील दर हजारी नवजात मृत्युदर ६२ वरून सुमारे २५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांतील बालके या सेवेविना राहिली, हा नैतिक पेच मात्र येथे दृष्टिआड करता येत नाही. पुरावा सिद्ध होण्यास लागलेला काळ त्या गावांनी मोजला.

प्रशिक्षित डॉक्टरच इंजेक्शन देऊ शकतो, हा समज वैद्यकीय क्षेत्रात दृढ होता. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींद्वारे नवजात काळजीचा कार्यक्रम स्वीकारला. वजन, ऊब व स्तनपान हे घटक त्यात आले. आशांच्या हाती इंजेक्शन देण्याचा घटक मात्र वगळण्यात आला.