सिंदिनेर ते सिन्नर

सिन्नरच्या नावाचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास सांगतो, 'मूळ नाव श्रीनगर. सिन्नर हा त्याचा अपभ्रंश.' आधार हेमाद्रीचा दिला जातो. यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार याची राजधानी त्याने श्रीनगर अशी नोंदवली आहे. पण हेमाद्री तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरचा. त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच्या, शके ९९१ (इ. स. १०६९) मधल्या ताम्रपटात हेच गाव 'सिंदिनेर' म्हणून येते.

या नावातला 'नेर' आधी पाहू. संस्कृत 'नगर'मधला, दोन स्वरांमध्ये सापडलेला ग प्राकृतात गळाला. 'नयर' झाले आणि पुढे 'नेर'. संगमनेर, पारनेर, खानदेशातले जामनेर, अंमळनेर ही गावे याच वाटेने आली. ताम्रपटाची भाषा संस्कृत, तरी नाव बोलीतले. दानाचा मुलूख लोकांना ओळखू यायचा, तर लोक म्हणतात तेच नाव लिहिणे सोयीचे. म्हणजे अकराव्या शतकात हा बदल लोकांच्या तोंडी पुरता रुळला होता.

आता 'द'. 'श्री'पासून निघालो, तर हा द कुठून आला ते सांगता येत नाही. 'सिंदि'पासून निघालो, तर वाट सरळ आहे. मधली ऱ्हस्व इ लोपली, द शेजारच्या नमध्ये मिसळला, 'न्न' झाला. त्या जोडाक्षरामुळे आघात पहिल्या अक्षरावर पडून 'नेर' सैल झाला आणि 'नर' उरला, असा माझा तर्क आहे.

गावातल्या गोंदेश्वराच्या नावातही हीच रीत दिसते. राव गोविंदाने देऊळ बांधले अशी आख्यायिका आहे. म्हणून तो गोविंदेश्वर. घरातल्या गोविंदाचा गोंदा होतो, तसाच देवाचाही झाला.

मग हेमाद्रीचे श्रीनगर? बोलीतल्या नावाला पंडिताने दिलेले ते भारदस्त रूप असावे. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये छापला गेला. ध्वनी नियमाने बदलतात, हे त्यात पानोपानी दिसते. तरीही आपण अपभ्रंश म्हणजे बिघाड समजतो आणि गावाला अधिक संस्कृत पूर्वज शोधून देतो. त्या नादात आपल्याच पूर्वजांनी घडवलेली भाषा पुसली जाते. वेशीवरच्या फलकावर जुने नाव लिहायचेच असेल, तर 'सिंदिनेर' लिहावे. त्याला तांब्याच्या पत्र्याचा पुरावा आहे.