नायट्रॉक्सची कुळकथा

खोलवरून घाईने वर येऊ नये, हे जगाला ठळकपणे दिसलं ते पुलांच्या मजुरांमुळे. १८७० मध्ये सेंट लुईसला मिसिसिपी नदीवरच्या पुलाचे पाये घालताना मजूर दाबाखालची हवा भरलेल्या पेट्यांत उतरून तळ खणत. वर आल्यावर सांध्यांच्या कळांनी ते वाकून जात. काही लुळे पडले, काही दगावले.

कारण सापडलं १८७८ मध्ये. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी दाखवलं की दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत जातो, आणि दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं. नायट्रोजन नुसता साचतो. पण बेर यांनीच हेही दाखवून दिलं होतं की फार दाबाखालचा ऑक्सिजन विष ठरतो, झटके आणतो. नायट्रॉक्सची, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेल्या हवेची, सगळी कुळकथा या दोन शोधांमधल्या चिंचोळ्या जागेत घडते.

वर किती सावकाश यायचं, याचं गणित शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी मांडलं. त्यासाठी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी बकऱ्या दाबाच्या पिंपात ठेवल्या. दुखायला लागलं की बकरी पुढचा पाय उचलून धरते. त्या उचललेल्या पायांवरून १९०८ ची कोष्टकं तयार झाली: इतक्या खोलीवर इतका वेळ, मग वर येताना अमुक ठिकाणी इतकी मिनिटं थांबा. ही कोष्टकं हवेसाठी होती. श्वासाला हवाच हवी का, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो प्रश्न पुढच्या पिढीने विचारला, आणि पहिली धाव हेलियमकडे गेली. १९२० च्या दशकात अमेरिकेत प्राण्यांवर प्रयोग झाले. हलका वायू लवकर बाहेर पडेल, थांबे आखडतील, अशी आशा होती. पण हेलियम जितका चटकन बाहेर पडतो तितकाच चटकन शरीरात शिरतो, त्यामुळे खोल पण थोड्या वेळाच्या बुडीत थांबे उलट लांबू शकतात. हेलियमचा खरा उपकार वेगळाच निघाला. खोलवर नायट्रोजनची जी गुंगी चढते, ती त्याने टळली. १९३९ मध्ये बुडालेली अमेरिकन पाणबुडी ‘स्क्वालस’ सुमारे ७४ मीटरवरून वर काढताना हेलियम-ऑक्सिजनवर काम करणाऱ्यांची डोकी ताळ्यावर राहिली.

थांबे कमी करायचे तर साधा मार्ग उरतो: नायट्रोजनच कमी घ्या, त्याची जागा ऑक्सिजनला द्या. पण किती? इथे बेर यांचा दुसरा शोध आडवा येतो. दुसऱ्या महायुद्धात केनेथ डोनाल्ड यांनी ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांवर दाबाखालच्या ऑक्सिजनचे शेकडो प्रयोग केले. पाणबुडे त्या झटक्यांना ‘ऑक्सिजन पीट’ म्हणत. पाण्यात दबा धरून बसलेला जणू कुणी राक्षसच. डोनाल्ड यांना दिसलं ते भीतिदायक होतं: आज निभावलेला माणूस उद्या त्याच खोलीवर, निम्म्या वेळात कोसळायचा. माणसाच्या सहनशक्तीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मर्यादा आधीच आखून घ्यायची. मला या साऱ्या इतिहासात हे काम सर्वांत मोलाचं वाटतं.

मग आले मॉर्गन वेल्स. अमेरिकेच्या सागरी व हवामान संस्थेत, म्हणजे ‘नोआ’त, त्यांनी ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण बसवलं, आणि १९७९ मध्ये ते संस्थेच्या डायव्हिंग पुस्तिकेत छापून आलं. गणित सुंदर आहे. १८ मीटरवर दाब २.८ बार. हवेत ७९ टक्के नायट्रोजन, म्हणजे त्याचा वाटा २.२ बार. ३२ टक्क्यांच्या मिश्रणात तो १.९ बारवर येतो, म्हणजे हवेवर १४ मीटरला असतो तितकाच. शरीराला, नायट्रोजनपुरतं, आपण १४ मीटरवरच आहोत असं वाटतं. त्या काळच्या कोष्टकात १८ मीटरवर थांबा न घेता हवेवर ६० मिनिटं मिळत, या मिश्रणावर १००. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना नेतात त्या उथळ पाण्यात हा फरक जाणवायचाही नाही. तिथे साधी हवा पुरते. खरी कमाई १८ ते ३० मीटरच्या पट्ट्यात.

नायट्रॉक्स म्हणजे आणखी खोल जायची सोय, हा गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे. आज हौशी पाणबुड्यांसाठी ऑक्सिजनच्या दाबाची मर्यादा १.४ बार मानतात. ३२ टक्क्यांवर ती ३३ मीटरच्या आसपास संपते. त्याखाली हवा चालते, हे मिश्रण नाही.

१९८५ मध्ये नोआतून निवृत्त झालेल्या डिक रुटकोव्स्की यांनी हे ज्ञान हौशी लोकांना शिकवायला घेतलं, आणि वादळ उठलं. ‘सैतानी वायू’ असं नाव पडलं. १९९१ मध्ये ह्यूस्टनच्या डायव्हिंग-व्यापार प्रदर्शनात नायट्रॉक्स शिकवणाऱ्यांना बंदी झाली. ओरड झाल्यावर ती उठवावी लागली. १९९६ पर्यंत डायव्हिंग शिकवणारी ‘पाडी’सारखी बलाढ्य संस्थाही हा वर्ग चालवू लागली होती. टीकाकारांची भीती अगदीच निराधार नव्हती, म्हणून शिस्त आली: सिलिंडर ज्याचा, त्याने स्वतः विश्लेषक लावून टक्केवारी मोजायची, ती आणि खोलीची मर्यादा पट्टीवर लिहायची, खाली सही करायची. दुकानदाराच्या शब्दावर बुडी मारायची नाही.

याच कुळाची पुढची शाखा फार खोल जाणाऱ्यांची. ते तळाशी हेलियम मिसळलेला वायू घेतात, वर येताना २१ मीटरवर ५० टक्के ऑक्सिजनवर जातात आणि ६ मीटरवर निव्वळ ऑक्सिजनवर. तिथे श्वासात ना नायट्रोजन ना हेलियम, त्यामुळे साचलेला वायू सर्वांत जोरात बाहेर ओढला जातो आणि हवेवर कितीतरी लांबला असता असा शेवटचा थांबा आटोक्यात येतो. त्याहून खाली तोच ऑक्सिजन ओढला तर पीट गाठतो, म्हणून नळी तोंडात घेण्याआधी सिलिंडरवरचा आकडा जोडीदाराला दाखवून घेतात.