कोण सुटलं? व्यसनाच्या तीन नावांचा इतिहास



मद्यपान आणि अमली पदार्थ यांची ओळख करून देणाऱ्या या अभ्यासक्रमाचं हे पहिलं व्याख्यान. पुढच्या तासांना डॉक्टर येतील, मेंदूत काय घडतं ते सांगतील. समुपदेशक येतील, कायद्याचे जाणकार येतील. आमचा विषय तत्त्वज्ञान. त्यामुळे आमची सुरुवात शब्दापासून होणार, याला तुमचा इलाज नाही.

‘व्यसन’ हा शब्द आपण आज वाईट सवयीसाठी वापरतो. जुना अर्थ त्याहून मोठा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवरच आहे. तिथे पूर, आग, रोगराई, दुष्काळ ही व्यसनं. आणि राजाची शिकार, जुगार, स्त्रीलंपटपणा, मद्यपान हीसुद्धा व्यसनंच. माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकून देतं ते व्यसन, असं तो सांगतो. म्हणजे दुष्काळ आणि दारू एकाच शब्दात! धाराशिवकरांना हे फोड करून सांगायला नको.

पण त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात ‘सुराध्यक्ष’ नावाचा अधिकारी भेटतो. दारू कोण गाळणार, कुठे विकणार, कुणाला किती देणार, पिणाऱ्यांवर नजर कशी ठेवणार, हे सगळं त्याच्या अखत्यारीत. एकाच ग्रंथात मद्य हे राजासाठी संकट आहे आणि प्रजेसाठी सरकारी खातं आहे. हा दुटप्पीपणा एवढा जुना.

व्यापाराचंही तेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर या बाजारपेठेचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आपलं तेर, संत गोरोबाकाकांचं गाव. तिथला माल भडोचच्या बंदरात जायचा, आणि त्याच बंदरात जहाजांतून उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची दारू आहे. पिणं, विकणं आणि त्यावर कर घेणं या तिन्ही गोष्टी आपल्याकडे काल-परवा आलेल्या नाहीत.

मग इतिहासात बदललं काय? बदललं ते पिणाऱ्याला दिलेलं नाव. कधी त्याला पापी म्हटलं, कधी गुन्हेगार, कधी रुग्ण. नाव बदललं की काम कुणी करायचं तेही बदलतं. पाप्याने प्रायश्चित्त घ्यायचं, गुन्हेगाराला पोलिसांनी धरायचं, रुग्णावर डॉक्टरांनी उपचार करायचे. या संपूर्ण अभ्यासक्रमात तुम्ही एकच प्रश्न धरून ठेवा, अशी आमची विनंती आहे. पिणाऱ्याला हे नाव दिल्यामुळे कोण सुटलं?

पहिलं नाव पाप. महाभारताच्या आदिपर्वात कचाची कथा आहे. असुरांनी कचाला मारलं, जाळलं, त्याची राख मद्यात मिसळली आणि ते मद्य गुरू शुक्राचार्यांना पाजलं. पुढे सत्य कळल्यावर शुक्राचार्यांनी नियम केला की यापुढे मद्य पिणाऱ्या ब्राह्मणाला ब्रह्महत्येइतकं पाप लागेल. दारूबंदीच्या सर्वांत जुन्या कथांपैकी ही एक. आता आपला प्रश्न विचारा. नियम कुणावर बसला? पिणाऱ्यावर. आणि पेल्यात राख मिसळणारे? त्यांना ‘मूर्ख आहात’ असे चार बोल सुनावून सोडून दिलं.

पापाच्या या भाषेने चांगलं काही केलंच नाही, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या भागात ‘त्यानं माळ घातली’ एवढं म्हटलं की त्याने दारू आणि मटण सोडलं हे गावाला कळतं. वारकऱ्यांच्या तुळशीच्या माळेने किती संसार सावरले असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही. त्यात मानसशास्त्राचा मोठा भाग आहे. माळ घातलेल्याला नवी ओळख मिळते, सोबत दिंडी मिळते, वर्षाची वारी मिळते, आणि ‘नको’ म्हणायला कारण मिळतं. पण माळ तुटली तर? तो दुप्पट पापी ठरतो, तोंड लपवतो आणि पुन्हा जास्त पितो. पापाच्या भाषेत घसरून पुन्हा उठण्याला जागा फार थोडी असते.

दुसरं नाव गुन्हा. या नावाच्या पाठीमागे तिजोरी उभी आहे, म्हणून इथे थोडं सावकाश जाऊ.

इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात 1878 चा आबकारी कायदा आला. घरोघर, गावोगाव गाळली जाणारी दारू आणि झाडाची ताडी सरकारी नियंत्रणाखाली आली, तिच्यावर कर बसला. दुकानं वाढत गेली. 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारू दुकानांना लेखी विरोध केला. त्यांचं बोट नुसतं पिणाऱ्याकडे नव्हतं, परवानगी देणाऱ्याकडे होतं. हा फरक लक्षात ठेवा.

आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे आबकारी हा सरकारी उत्पन्नाचा मोठा खांब. शिंदीच्या झाडांचा आणि दुकानांचा मक्ता गुत्तेदाराकडे जायचा. आपण रस्त्याच्या कंत्राटदारालाही गुत्तेदार म्हणतो, कारण ‘गुत्ता’ म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मग दारूच्या अड्ड्याला गुत्ता हे नाव कुठून आलं? त्या ठेक्यावरूनच. म्हणजे आपल्या भाषेने दारूच्या दुकानाला दारूवरून नाव दिलं नाही, महसुलाच्या करारावरून दिलं. भाषा कधीकधी इतिहासाच्या पुस्तकापेक्षा स्पष्ट बोलते.

सामान्य माणसालाही हे कळत होतं. 1947-48 च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, शिंदीची झाडं तोडणं हा लढ्याचा एक कार्यक्रम होता. कुऱ्हाड घेऊन निघालेले कार्यकर्ते व्यसनमुक्तीचं प्रवचन द्यायला निघाले नव्हते. त्या झाडातून पाझरतो तो निजामाच्या तिजोरीत जाणारा पैसा, हे त्यांना ठाऊक होतं. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या, 17 तारखेला संस्थान शरण आलं. निजाम गेला. आबकारी गेली का?

तिकडे मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला होता. राज्यघटनेच्या 47 व्या कलमानेही मादक पेयांच्या बंदीची दिशा राज्याला घालून दिली. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि त्यानंतर तोच कायदा आपल्यालाही लागू झाला. आज महाराष्ट्रात दारूची दुकानं, बार, परवाने, सगळं चालतं ते याच कायद्याखाली. कायद्याचं नाव दारूबंदी, खात्याचं नाव राज्य उत्पादन शुल्क! दारू पिण्यासाठी वैयक्तिक परवाना लागतो आणि तोसुद्धा आरोग्याच्या कारणासाठी मिळतो. या विनोदाला हसून झालं की पुन्हा प्रश्न विचारा. हातभट्टी लावणारी गरीब बाई पकडली जाते, रस्त्यात पडलेला मजूर पकडला जातो. सुटतं कोण? ऊस, साखर, मळी, मद्यार्क ही साखळी आपल्या जिल्ह्याला काही परकी नाही.

तिसरं नाव आजार. 1849 मध्ये मॅग्नस हुस या स्वीडिश डॉक्टरने दीर्घकाळ पिण्यातून होणाऱ्या विकाराला ‘अल्कोहोलिझम’ हे नाव दिलं. 1935 मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांना सावरू लागले आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. 1960 मध्ये जेलिनेक यांचं मद्यासक्तीच्या आजार-संकल्पनेवरचं पुस्तक आलं.

मराठी माणसाला मात्र यातलं बरंचसं रंगभूमीने आधीच दाखवलं होतं. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 मध्ये रंगमंचावर आलं. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील आहे. तो दारू सोडतो, कामासाठी वणवण करतो, अपमान होतो, आणि पुन्हा पितो. दारू सोडण्याइतकंच सोडलेलं टिकवणं अवघड असतं, हे आजचं शास्त्र सांगतं ते गडकऱ्यांना दिसलं होतं. पण प्रेक्षक पिढ्यान्पिढ्या सिंधूच्या सोसण्यावर रडत राहिले. सोसणाऱ्या बायकोची थोरवी गायली की तिला मदत करायची जबाबदारी आपोआप टळते. इथे आपणच सुटलो.

1986 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. त्यामागे अनिल अवचटांचं गर्दच्या विळख्यावरचं लेखन होतं आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांचा भक्कम आधार होता. तिथे व्यसनी माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हटलं जातं. या एका जोडशब्दात तो आजारी आहे हेही आलं आणि तो आपला आहे हेही आलं.

आजार म्हटल्याने लाज कमी होते, दार उघडतं. पण किती जणांसाठी? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 5 कोटी 70 लाख लोकांना मद्याच्या त्रासातून बाहेर पडायला मदतीची गरज आहे. मद्यावर पूर्ण अवलंबून असलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला उपचार मिळाले होते. आजार म्हणायचं आणि दवाखाना द्यायचा नाही, हा कुठला न्याय? शिवाय या नावामुळे दुकान सुटतं, आणि कधीकधी माणूस स्वतःही सुटतो. ‘आजारच आहे, मी काय करणार?’

ही तिन्ही नावं एकदम ऐकायची असतील तर फार लांब जायला नको. 2025 च्या फेब्रुवारीत तामलवाडी पोलिसांनी मेफेड्रोनच्या पुड्या पकडल्या आणि आई भवानीचं तुळजापूर नको त्या कारणाने राज्यभर गाजलं. क्षेत्राचं पावित्र्य, पोलिसांची कारवाई आणि पोरांचे उपचार या तीन गोष्टींची तेव्हा सरमिसळ झाली. आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 64-अ हे कलम आहे. थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. म्हणजे कायदाही त्याला गुन्हेगार आणि रुग्ण दोन्ही मानतो. हे कलम तुमच्यापैकी किती जणांच्या कानावर होतं?

आता आमच्या विषयाकडे वळतो. व्यसनी माणूस जबाबदार आहे की नाही? अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, दगड हातातून सुटल्यावर परत घेता येत नाही. पण फेकणं तुझ्या हातात होतं, म्हणून तू जबाबदार. ऐकायला पटतं. पण दोन गोष्टी राहून जातात. एक, पंधराव्या वर्षी तो दगड पोराच्या हातात ठेवला कुणी? दुसरी, माणूस म्हणजे सुटलेला दगड नव्हे. तो अर्ध्या वाटेवरूनही वळू शकतो, कुणी हात दिला तर.

म्हणून आम्ही दोष आणि जबाबदारी यांत फरक करतो. व्यसन लागण्याचा दोष एकट्या पिणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. त्यात घर आहे, दोस्त आहेत, बेकारी आहे, गुत्ता आहे, तिजोरी आहे. पण उठण्याची पहिली हालचाल त्याच्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. आणि ती त्याने केली की तिला साथ देणं हे आपलं काम. आपल्या राज्यातल्या बायकांनी हे केव्हाच ओळखलं. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानात त्या नवऱ्याला पापी, गुन्हेगार किंवा रुग्ण ठरवायला जात नाहीत. त्या दुकानावर मत देतात. आणि नियम असा की झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आमदार निवडायला एवढी कडक अट नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगायलाच हवी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असा प्रकार होऊ शकतो. त्यात जीवही जातो. ‘देवीचा कोप झाला’ म्हणून घरी बसू नका. माळ जरूर घाला, नवस जरूर बोला, पण आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना गाठा. 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. आत्ता वहीत लिहून घ्या. कदाचित तुमच्याच गल्लीत लागेल.

पुढच्या तासाला येताना प्रत्येकाने आपल्या गावाची एक पानभर नोंद आणायची आहे. दारू कुठे मिळते, उपचार कुठे मिळतात, आणि या दोन ठिकाणांचं घरापासूनचं अंतर किती. कुणा पिणाऱ्याचं नाव त्यात लिहायचं नाही. फक्त अंतरं लिहा. ती सगळी पानं आपण फळ्याशेजारी लावू आणि डॉक्टरांचं व्याख्यान त्यांच्यासमोर ऐकू.